दिवा आपला, डोळे समोरच्याचे

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई उघडते. त्याच सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि दिवाळीचा हिशेब मिटवून मोकळे झालेले व्यापारी वसुलीच्या व खरेदीच्या फेऱ्यांना लागतात. या तिन्ही गोष्टी रात्रीच्या रस्त्यावर एकत्र येतात. दुकान वाढवून सोलापूरहून बार्शीकडे, इचलकरंजीहून सांगलीकडे किंवा नगरहून श्रीरामपूरकडे निघालेल्या गाडीत या दिवसांत दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. पहिली, गाडीच्या दिव्यांचा उजेड पुरत नाही. दुसरी, समोरून येणाऱ्यांचे दिवे सहन होत नाहीत. दोन्ही तक्रारी बहुधा एकाच माणसाच्या तोंडी असतात, आणि पहिलीवर तो जो उपाय करतो त्यातून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत दुसरी तक्रार जन्माला येते.

तो उपाय सर्वांच्या परिचयाचा आहे. मोटारीच्या सामानाच्या दुकानात रंगीत खोक्यातली एलईडी बल्बांची जोडी मिळते. जुना बल्ब काढून तिथे ही जोडी दहा मिनिटांत बसते. गाडी दुकानासमोरच्या भिंतीकडे वळवून दिवे लावले की भिंत दुधासारखी उजळते आणि ग्राहक समाधानाने पैसे मोजतो. मालाची पारख करण्यात ज्याची हयात गेली, तो व्यापारीदेखील येथे फसतो, कारण भिंत किती उजळली यावरून दिव्याची परीक्षा होत नाही. प्रकाश किती आहे याला महत्त्व आहेच, परंतु तो कुठे पडतो आणि कुठे पडत नाही, यावर हेडलाइटची सारी गुणवत्ता अवलंबून असते.

साध्या हॅलोजन दिव्याची रचना एकदा समजून घेतली की हे सहज ध्यानात येते. आपल्याकडील असंख्य मोटारींत एच४ नावाचा बल्ब असतो. १९७१ सालापासून वापरात असलेला हा बल्ब बारा व्होल्टवर ६० आणि ५५ वॅटचा असतो. त्याच्या पोटात दोन तारा, म्हणजे फिलामेंट असतात. एक ‘अप्पर’साठी, दुसरी ‘डिप्पर’साठी. डिप्परच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो परावर्तित होऊन रस्त्याकडे, खालच्या दिशेला जातो. वाटीची एक कड पंधरा अंशांनी कापलेली असते. तिच्यामुळे डाव्या बाजूचा प्रकाश किंचित वर चढतो, कारण आपली वाहतूक डावीकडून चालते आणि पादचारी, सायकलस्वार, मैलाचे दगड हे सारे डाव्या कडेला असतात. उजवीकडे, जिथून समोरची गाडी येते, तिथे प्रकाशाची वरची कड आडवी व खाली राखलेली असते. वर अंधार, खाली उजेड आणि मधे जणू पट्टीने आखलेली रेघ. या रेषेसाठीच बल्ब, वाटी, रिफ्लेक्टर आणि काच यांचा सारा खटाटोप असतो.

रिफ्लेक्टरची वक्रता त्या बारीक तारेच्या जागेवरून काढलेली असते. तार जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांबीची. ती एखादा मिलिमीटर जरी पुढे-मागे सरकली तरी रस्त्यावरची रेघ विस्कटते. एलईडी बल्बात तार नसते. एका पट्टीच्या दोन अंगांना चिकटवलेल्या प्रकाशाच्या टिकल्या असतात. मधली पट्टी जाड असल्यामुळे त्या टिकल्या तारेच्या नेमक्या जागी येत नाहीत, शिवाय तारेप्रमाणे सर्व बाजूंना सारखा प्रकाश देत नाहीत. परिणामी काही प्रकाश रेषेच्या वर उधळतो आणि समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. काही प्रकाश गाडीच्या नाकासमोर दहा-पंधरा मीटरच्या पट्ट्यात साचतो, आणि जिथे तो हवा असतो त्या साठ-सत्तर मीटरवर पूर्वीपेक्षाही कमी पोहोचतो.

नाकासमोरचा हा झगमगाट मोठा फसवा असतो. जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसला की चालकाला वाटते, दिवे उत्तम झाले. प्रत्यक्षात त्या उजेडाने बाहुली आकसते आणि दूरच्या मंद वस्तू टिपण्याची डोळ्याची शक्ती घटते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. दहा मीटरवरचा खड्डा कितीही लख्ख दिसला तरी त्याचा उपयोग चाक आदळण्यापूर्वी दात आवळण्यापुरताच.

आता समोरच्याची बाजू. डोळ्यांवर झोत पडल्यानंतर दृष्टी पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात, आणि वय वाढेल तसा हा अवधी वाढतो. पाच सेकंद लागले असे धरले तर साठच्या वेगाने ती गाडी त्र्याऐंशी मीटर अंतर जवळपास आंधळेपणाने कापते. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचे चालक निदान एकमेकांचे दिवे तरी पाहतात. त्या दोन झोतांच्या मधे, रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस मात्र दोघांनाही दिसत नाही. झगझगीत प्रकाशाचा एक पडदाच डोळ्यांत तयार होतो आणि त्याच्या पलीकडची आकृती पुसली जाते. शेतावरून परतणारा मजूर, सायकलवरचा दूधवाला, वारीच्या दिवसांतला वारकरी, पंक्चर झालेली दुचाकी ढकलत नेणारा तरुण, हे या पडद्याआड जातात. पहाटे अंधुक उजेडात महामार्गाच्या कडेने विहार करणारे साधू-साध्वी आणि त्यांच्यासोबत चालणारे श्रावकही याच जागी असतात. सोबतच्यांनी चमकणारी जाकिटे घालावीत, हातात विजेरी धरावी, हे योग्यच आहे. पण ते जाकीटदेखील ज्याची दृष्टी शाबूत आहे त्याच्याच उपयोगाचे.

कायद्याने या दोन्ही गरजांचा विचार शेजारी शेजारी केला आहे, ही गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०५ वा नियम सांगतो की, वाहनाच्या दिव्यांनी समोरची माणसे व वाहने १५५ मीटर अंतरावर स्पष्ट दिसली पाहिजेत. लगेच पुढचा १०६ वा नियम सांगतो की, दिव्यापासून आठ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत अशा माणसाला दिपवणार नाही, अशा रीतीने झोत खाली वळलेला असावा किंवा वळवता यावा. दीड मीटर म्हणजे साधारणपणे उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. नियम लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर रस्त्यात उभा असलेला कुणीतरी होता, हे त्या रुक्ष मोजमापांतूनही जाणवते. जुन्या मोटारींच्या हेडलाइटवर वरच्या भागात काळा ठिपका किंवा पट्टा रंगवलेला असे, तो याच हेतूने. ट्रकच्या पाठीवर रात्री डिप्पर वापरण्याची विनंती आजही असते. ती वाचत वाचतच मागचा चालक त्या ट्रकच्या आरशात अप्परचा झोत सोडत असतो, हा भाग वेगळा.

मग रात्री नीट दिसावे म्हणून करायचे तरी काय? नवे काही विकत घेण्यापूर्वी असलेला प्रकाश कुठे गेला, हे शोधणे हा खरा व्यापारी विचार. गळती बंद केल्यावाचून भांडवल वाढवण्यात हशील नाही, आणि दिव्याच्या बाबतीत गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा दिव्याची काच. हल्लीच्या गाड्यांत ती काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक असते. कारखान्यात त्यावर दिलेला संरक्षक थर उन्हाने काही वर्षांत झिजतो आणि पृष्ठभाग पिवळट, धुरकट होतो. गाडी अंगणात उन्हात उभी राहत असेल तर लवकर होतो. अमेरिकेतील ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ साली केलेल्या चाचणीत अशा खराब झालेल्या दिव्यांतून नव्या दिव्याच्या तुलनेत जेमतेम २२ टक्के प्रकाश बाहेर पडतो, असे आढळले. म्हणजे रुपयातले अठ्ठ्याहत्तर पैसे दिव्याच्या आतच अडून राहतात. शिवाय धुरकट काचेवर जे किरण फुटतात ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात, म्हणजे नुकसान दुहेरी. पाण्याखाली क्रमाक्रमाने बारीक होत जाणारा पॉलिश पेपर चालवून, मग पॉलिश करून, शेवटी उन्हापासून रक्षण करणारा थर दिला की काच पुष्कळशी पूर्ववत होते. हा शेवटचा थर न देणारा कारागीर स्वस्त पडतो, पण काही महिन्यांतच काच पुन्हा पिवळी पडते. दंतमंजनाने काच घासण्याचा घरगुती उपाय आठवडाभर डोळ्यांना बरे वाटण्यापुरता. काचेच्या आतून ओल किंवा धूर बसला असेल, अथवा रिफ्लेक्टरचा चकाकता मुलामा उडाला असेल, तर मात्र दिवा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी गळती तारांत असते. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा संपूर्ण विद्युतप्रवाह स्टिअरिंगजवळच्या बटणातून फिरून जातो. बारीक तार, गंजलेले जोड, सैल झालेला अर्थ, अशा अनेक ठिकाणी व्होल्टेज झिजते. हॅलोजन बल्बाचा स्वभाव असा की, व्होल्टेज दहा टक्के घटले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून इंजिन चालू असताना बल्बाच्या होल्डरपाशी व्होल्टेज मोजून घ्यावे. बॅटरीपाशी आणि होल्डरपाशी मोठी तफावत दिसली, तर जोड साफ करून, अर्थ घट्ट करून, गरज पडल्यास योग्य फ्यूजसह रिले बसवून घेतल्यास त्याच बल्बाचा उजेड नव्यासारखा होतो. नव्या गाड्यांत दिव्यांचे नियंत्रण संगणकाकडे असते, तिथे मात्र तारांना हात लावणे सर्व्हिस सेंटरवरच सोपवावे. आणि याच्या उलट वाटेला, म्हणजे १०० आणि ९० वॅटचे बल्ब घालण्याच्या वाटेला, तर जाऊच नये. ६० वॅटसाठी बनलेली तार व होल्डर त्या उष्णतेने वितळतात, रिफ्लेक्टर करपतो आणि झगमगाट मात्र वाढतो.

तिसरी गोष्ट झोताच्या कोनाची. आपल्या वाचकांनी सर्वाधिक ध्यान द्यावे ते येथे, कारण व्यापाऱ्याची गाडी क्वचितच रिकामी असते. डिप्परचा झोत साधारणपणे दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर खाली उतरावा असा लावलेला असतो, म्हणजे शंभरात एक. दिवा जमिनीपासून पासष्ट सेंटिमीटर उंच असेल तर झोताची वरची कड पासष्ट मीटरवर रस्त्याला टेकते. आता डिकीत कापडाचे गठ्ठे, नमुन्यांच्या पेट्या किंवा भुसाराची पोती भरली, मागच्या आसनावर तिघे बसले, आणि गाडीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा पाच सेंटिमीटर खाली दबला असे समजू. पुढच्या व मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असेल तर या पाच सेंटिमीटरने गाडीचे तोंड शंभरात दोन इतके वर उचलले जाते. खाली एक असलेला झोत आता वर एक झाला. पन्नास मीटर अंतरावर त्याची वरची कड जमिनीपासून पासष्ट अधिक पन्नास, म्हणजे एकशे पंधरा सेंटिमीटरवर पोहोचते. समोरच्या छोट्या मोटारीतील चालकाचे डोळे जवळपास त्याच उंचीवर असतात. चालक मात्र प्रामाणिकपणे डिप्परवर गाडी हाकत असतो, आणि समोरचे लोक आपल्याला उगाच दिवे का मारतात, म्हणून चिडत असतो.

याचा इलाज बहुतेक गाड्यांत मुळातच दिलेला असतो. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ अशा अंकांची एक छोटी चकती किंवा कळ असते. गाडीत जितका भार अधिक, तितका अंक मोठा आणि झोत तितका खाली. किती भाराला कोणता अंक, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. कैक घरांत ही चकती गाडी घेतल्या दिवसापासून शून्यावरच आहे. लग्नाला सहकुटुंब निघताना डिकी भरून झाल्यावर ती फिरवण्यास दोन सेकंद लागतात.

मूळ कोन बरोबर आहे की नाही, हे घरच्या घरी पाहता येते. सपाट जागी गाडी भिंतीपासून दहा मीटरवर, भिंतीला काटकोनात उभी करावी. चाकांतील हवा योग्य असावी, चालकाच्या आसनावर कुणी बसलेले असावे, चकती शून्यावर असावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने एक रेघ ओढावी आणि तिच्या खाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिप्पर लावल्यावर प्रकाशाची आडवी कड दुसऱ्या रेघेवर आली पाहिजे आणि डावीकडे ती वर चढताना दिसली पाहिजे. काही गाड्यांसाठी उत्पादकाने थोडा वेगळा आकडा दिलेला असतो, तिथे तोच प्रमाण. कड पहिल्या रेघेच्या वर दिसली तर दिव्यामागील स्क्रू फिरवून ती खाली आणावी लागते, आणि हे काम झोत तपासण्याचे यंत्र असलेल्या ठिकाणी केलेले बरे. कड मुळी दिसतच नसेल, नुसताच पांढरा ढग भिंतीवर पसरला असेल, तर बल्ब चुकीचा आहे किंवा चुकीचा बसला आहे. कड उजवीकडे वर चढत असेल तर तो दिवा उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशासाठी बनलेला आहे. परदेशी सुट्या भागांच्या हौसेत असे दिवे येथे येतात, आणि ते डावीकडचा पादचारी अंधारात ठेवून नेमक्या समोरच्या चालकावर प्रकाश टाकतात.

एवढे सारे करूनही उजेड अपुरा वाटला तर बल्बाकडे वळावे. हॅलोजन बल्ब जळून जाण्याआधी पुष्कळ दिवस मंदावत असतो, म्हणून दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदलणे चांगले. नामांकित उत्पादकांचे, त्याच ६० व ५५ वॅटचे परंतु अधिक तेजस्वी असे हॅलोजन बल्ब मिळतात. त्यांची तार अधिक नेमकी व अधिक तापणारी असते, म्हणून झोत लांब जातो आणि बल्बाचे आयुष्य कमी होते. खोक्यावरचे ‘शंभर टक्के अधिक’ हे शब्द रस्त्यावरच्या एखाद्या विशिष्ट बिंदूपुरते खरे असतात, सगळीकडे दुप्पट उजेड असा त्यांचा अर्थ नाही. तरीही कायदा, तारा आणि समोरच्याचे डोळे या तिन्हींना न दुखावता होणारी सुधारणा हीच. बल्ब बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा तापल्यावर त्या जागी काच कमजोर होते.

निळसर पांढऱ्या प्रकाशाचे आकर्षण मात्र आवरलेलेच बरे. हॅलोजनचा रंग सुमारे ३२०० केल्विन, म्हणजे पिवळसर. बाजारात ६००० आणि ८००० केल्विनचे दिवे मिरवतात. हा आकडा रंगाचा आहे, उजेडाचा नव्हे. निळसर प्रकाश समोरच्याला अधिक टोचतो, आणि पावसात वा धुक्यात तो चालकाच्याच डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो. आंबोली किंवा माळशेजच्या घाटात पावसाळी रात्री गाडी चालवलेल्यांना हे सांगावे लागणार नाही.

एलईडी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. ज्या गाडीचा दिवा मुळातच एलईडीसाठी घडवलेला आहे, तिथे तो उत्कृष्ट काम करतो, कारण तिथे भिंग, आडोसा आणि टिकल्या एकमेकांसाठी मोजून बनवलेल्या असतात. भांडण आहे ते हॅलोजनच्या घरात एलईडी बसवण्याशी. जर्मनीसारख्या काटेकोर देशात २०२० साली प्रथम ओस्राम कंपनीच्या एका एलईडी बल्बाला हॅलोजनच्या जागी वापरण्याची अनुमती मिळाली, तीही सरसकट नव्हे, तर चाचणी घेतलेल्या ठराविक गाड्यांच्या यादीपुरती. एकाच बल्बाची प्रत्येक मॉडेलच्या दिव्यात वेगळी परीक्षा घ्यावी लागते, यातच ‘कुठल्याही गाडीला चालेल’ असे छापलेल्या खोक्याचे उत्तर आहे. झेनॉन दिव्यांचेही तसेच. २००० ल्युमेनहून अधिक प्रकाश देणाऱ्या डिप्परसाठी आंतरराष्ट्रीय नियमांनी झोताची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा आणि दिव्याची काच धुणारा फवारा सक्तीचा केला आहे. गॅरेजमध्ये बसवलेल्या झेनॉन संचात या दोन्ही गोष्टी नसतात.

आपल्या कायद्यानेही या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांहून वेगळा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे ‘मालक’ हा शब्द व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. दुकानाच्या टेम्पोला चालकाने हौसेने लावलेल्या झगमगत्या पट्टीचा जाब मालकाला द्यावा लागतो. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलाचा मुद्दा विम्याच्या दाव्यातही उपस्थित होऊ शकतो. ज्यांना खरोखर दिव्यांचा संपूर्ण संच बदलायचा आहे, त्यांनी त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकारात कंपनी जो प्रोजेक्टर किंवा एलईडी दिवा देते, तो आपल्या गाडीला अधिकृतपणे बसतो का, हे सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावे आणि होकार मिळाल्यास तो लेखी घ्यावा.

दिव्यांची मर्यादा वेगालाही लागू होते. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकच्या गाडीला, चालकाच्या प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरून, साठच्या वेगाने थांबण्यास सुमारे पन्नास मीटर लागतात. ऐंशीला पंचाहत्तर, आणि शंभरला शंभराहून थोडे अधिक. डिप्परचा झोत उजवीकडे पासष्ट मीटरवर संपतो, डाव्या कडेला थोडा पुढे जातो. म्हणजे उत्तम लावलेल्या डिप्परवरसुद्धा ऐंशीने जाणारी गाडी आपल्या नजरेच्या पुढे धावत असते. रिकाम्या, अंधाऱ्या रस्त्यावर अप्पर वापरणे म्हणूनच आवश्यक आहे, त्यात गैर काही नाही. समोर दिवा दिसताच किंवा पुढे कुणी जात असल्यास तो उतरवायचा आणि वाट मोकळी होताच पुन्हा चढवायचा, ही हाताची सवय हवी. समृद्धी महामार्गासारख्या दुभाजकाच्या रस्त्यावर, जिथे मोटारींना १२० पर्यंत वेगाची मुभा आहे, तिथे डिप्परवर त्या वेगाने जाणे हा अंधारात मारलेला सूरच. समोरून कुणी झोत मारला तर प्रत्युत्तर म्हणून अप्पर लावण्याने दोन आंधळे समोरासमोर येतात, एवढेच. वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर ठेवावी.

कधी कधी गाडी निर्दोष असते आणि दोष डोळ्यांत असतो. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश आत पोहोचतो. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरच्या दिव्याभोवती तेजाचे वलय दिसू लागते. घरातील वडीलधारी मंडळी ‘हल्ली सगळ्यांचेच दिवे फार प्रखर झालेत’ असे म्हणू लागली की गॅरेजआधी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. रात्री गाडी चालवण्यासाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे यावर कामाचे नाहीत. अमेरिकेत २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी पादचारी ओळखण्यास काहीही मदत होत नसल्याचे दिसले. पुढची काच आतून पुसणे त्यापेक्षा कितीतरी गुणकारी. डॅशबोर्डच्या वाफेचा व धुळीचा तेलकट थर दिवसा दिसत नाही, रात्री समोरच्या प्रत्येक दिव्याचा तो पंखा करून दाखवतो. झिजलेल्या वायपरचे ओरखडेही तसेच.

राहता राहिली ती गाळपाच्या दिवसांतील उसाची वाहतूक. दोन दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना परावर्तक पट्टी, आणि बाहेर लोंबणारा ऊस. अशा ट्रॉलीमागे कोणताही हेडलाइट अपुरा पडतो, कारण उसाचे पाचट प्रकाश परत पाठवत नाही. लाल परावर्तक पट्टीचा हातभर तुकडा मात्र डिप्परच्या साध्या उजेडातही दुरून चमकतो. ज्या व्यापाऱ्यांच्या स्वतःच्या ट्रॉल्या, टेम्पो वा बैलगाड्या मालाच्या ने-आणीला आहेत, त्यांनी हंगामाच्या आरंभीच त्या मागून धुऊन, जुनी फाटकी पट्टी खरवडून नवी लावून घ्यावी, मागचे दिवे पेटतात का ते अंधार पडल्यावर स्वतः मागे उभे राहून पाहावे, आणि माल भरल्यावर ताडपत्रीची कड त्या पट्टीवर लोंबणार नाही अशी बांधण्यास चालकाला सांगावे.